किती आणि कोणीकडे?



पिशवीत तीन किलो साखर आणि चार किलो तांदूळ घातले की ओझे सात किलो होते, यात वाद नाही. परंतु एखादा गृहस्थ घरून तीन किलोमीटर पूर्वेला आणि मग चार किलोमीटर उत्तरेला चालला, तर तो घरापासून किती दूर गेला? पायांनी सात किलोमीटरांचे श्रम केले खरे. पण घरापासूनचे सरळ अंतर पाचच भरते. तोच गृहस्थ उत्तरेऐवजी पश्चिमेला वळता, तर अवघ्या एका किलोमीटरवर राहता!

वस्तुमान, काळ, तापमान या राशींना 'किती' एवढे सांगितले की पुरते. त्या अदिश राशी. विस्थापन, वेग, बल यांना 'कोणीकडे' हेही सांगावे लागते. त्या सदिश राशी. आयर्लंडचे गणिती विल्यम हॅमिल्टन यांनी इंग्रजीतील 'स्केलर' आणि 'व्हेक्टर' ही नावे एकोणिसाव्या शतकात या अर्थाने रूढ केली.

हा भेद केवळ परीक्षेपुरता आहे, असे कोणी समजू नये. समुद्रात कधीकधी किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे धावणारा अरुंद प्रवाह असतो. समजा, त्याचा वेग सेकंदाला दीड मीटर आहे आणि त्यात सापडलेला मनुष्य सेकंदाला एक मीटर पोहू शकतो. घाबरून तो सरळ किनाऱ्याकडे हात मारतो. परिणाम काय? सेकंदाला अर्धा मीटर तो मागेच जातो, आणि दमून बुडतो.

आता तोच मनुष्य, तेवढेच बळ. पण तो किनाऱ्याला समांतर पोहतो. प्रवाह वीस मीटर रुंद असला आणि मनुष्य मध्यावर असला, तरी दहा सेकंदांत तो कडेला पोचतो. तेवढ्यात पंधरा मीटर आत ओढला जातो खरा. परंतु प्रवाह सुटला, की तिरपे पोहत किनारा गाठता येतो. ज्याच्या अंगी तेवढी ताकद नसेल, त्याने प्रवाहाशी न झगडता तरंगत राहावे आणि हात उंचावून मदत मागावी.

दोन्ही वेळा हातांचे बळ तेच होते. फरक दिशेचा होता. म्हणून आम्ही म्हणतो, घरातील मुलांना पोहणे शिकवाल तेव्हा एवढे सदिश गणितही अवश्य शिकवा.