खाऱ्या वाऱ्यातील घरची बाग

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि वधूवर-सूचक मंडळाचा अहवाल यांच्यामध्ये बागेवरील व्याख्यान कशाला, असा प्रश्न कित्येकांच्या मनात आला असेल. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही इतकेच म्हणालो की, ज्या घरांत तुळशीची एक तरी कुंडी नाही अशी घरे आपल्या ज्ञातीत किती निघतील? मग ज्या गोष्टीस प्रत्येक घर रोज सकाळी पाणी घालते, तिच्याविषयी वर्षातून एकदा चार शब्द बोलावयास हरकत नसावी.

आपल्या पूर्वजांपैकी अनेक घराणी अष्टागरातून व वसईच्या बाजूने मुंबईस आली. आगर म्हणजे बाग. माड, पोफळी, केळी यांची, रहाटाच्या पाण्यावर वाढलेली. त्या मंडळींनी येथे जी वस्ती केली तिलाही वाडी हेच नाव मिळाले. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे अजून घराघराच्या पत्त्यांत आहेत. चिंचपोकळी, ताडदेव, वडाळा या नावांतही झाडेच उभी आहेत. माझगावचा आंबा तर वर्षातून दोनदा फळे, अशी त्याची ख्याती होती. इंग्रज कवी टॉमस मूर याने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाला रुख’ या ग्रंथात त्या आंब्याचा उल्लेख केला आहे. आज फणसवाडीत फणस शोधावा लागतो, हे खरे. परंतु वाडी गेली तरी वाडीची हौस गेली नाही. ती अंगणातून गॅलरीत आली, गॅलरीतून खिडकीच्या जाळीत आली, आणि आता बावीस मजली इमारतीच्या हातभर सज्जात येऊन बसली आहे.

आम्ही स्वतः गिरगावात चाळीच्या गॅलरीत आणि पुढे दादरास गच्चीवर, अशा दोन्ही ठिकाणी बाग केली. दोन्हीकडे शेजारी एकच, तो म्हणजे समुद्र. मुंबईच्या बागेचा खरा धनी समुद्रच आहे. त्याचा वारा येतो तो रिकाम्या हाताने येत नाही. बारीक मीठ घेऊन येतो. हे मीठ पानांच्या कडांवर साचते, पानातील पाणी ओढून घेते, आणि पानाची टोके भाजल्यासारखी तपकिरी होतात. पुष्कळ लोक त्यास कीड समजून औषध फवारतात. वास्तविक उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा झारीने गोड्या पाण्याची अंघोळ पानांस घालावी, आणि पश्चिमेच्या अंगास खारा वारा सोसणारी झाडे उभी करावीत. कण्हेर, चाफा, कोरफड, सदाफुली ही पहिल्या रांगेत. त्यांच्या आडोशाला मोगरा, गुलाब आणि कोवळ्या भाज्या.

बाग लावण्यापूर्वी सूर्याची चाल ओळखावी. मुंबईत मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो व सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारीही किंचित उत्तरेस असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेस झुकतो. म्हणून दक्षिणेकडील गॅलरीत मार्गशीर्ष-पौषात ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येते आणि वैशाखात कठड्यावरही टिकत नाही. ‘गेल्या थंडीत येथे टोमॅटो आले, उन्हाळ्यात का येत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर मातीत नसून आकाशात असते.

आता ऋतूंकडे वळू. बागवानाचे वर्ष आमच्या मते पौषात सुरू होते. संक्रांतीच्या सुमारास मोगऱ्याचे पाणी आठ-दहा दिवस तोडावे, उरलेली पाने काढावीत, फांद्या निम्म्याने छाटाव्यात आणि मग खत घालून पाणी सुरू करावे. हे करताना घरातील मंडळी हळहळतात. परंतु चैत्रात त्याच काड्यांवर कळ्या दाटतात. वैशाखातील सायंकाळी समुद्राचा वारा मोगऱ्यावरून घरात शिरतो, तेव्हा त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास कोणत्या राजवाड्याचा हेवा वाटावा?

उन्हाळ्यात पाण्याची चिंता. नळाचे पाणी ठरलेल्या वेळी येणार, त्यात धुणे, भांडी, पिण्याचे साठवण. कुंड्यांचा क्रमांक शेवटचा. १८६० साली विहारचे आणि १८९२ साली तानसाचे पाणी मुंबईस आले, तत्पूर्वी वाड्यांची सारी भिस्त विहिरींवर होती. चर्चगेटजवळील भिखा बेहराम विहीर १७२५ सालची; समुद्र इतका जवळ असून तिचे पाणी गोड आहे. पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके असल्याने जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर ते तरंगत राहते, हे त्याचे कारण. पुढे हिवतापाची चौकशी होऊन डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ साली आला. विहिरींत डास वाढतात असे ठरले आणि गावातील असंख्य विहिरी बुजविण्यात वा झाकण्यात आल्या. आता तोच प्रश्न कुंडीखालच्या ताटलीपर्यंत आला आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा उपड्या करून घासून कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात तर त्या काढूनच ठेवाव्यात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी मात्र निःशंक कुंडीत जावे. मासळी धुतलेले पाणीही झाडांस मानवते, फक्त त्यात मीठ नसावे. समुद्रकाठच्या आगरांत माडांस मासळीचे खत घालीत, ती परंपरा या रूपाने चालू राहते. एवढेच की त्या दिवशी चाळीतील सर्व मांजरे आपल्या बागेस भेट देतात.

ज्येष्ठात पाऊस येतो. कुलाब्याच्या वेधशाळेच्या हिशेबी तो ११ जूनच्या सुमारास येतो आणि साधारणतः ८ ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. येथे वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग चार महिन्यांतच. तरीही मुंबईचा पाऊस सर्वांस सारखा नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्यास अवघा ७३. वर्तमानपत्रातील आकडा वाचून पाणी बंद करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. इतकेच काय, एकाच गॅलरीत कठड्यावरची कुंडी बुडत असते आणि छपराखालची भर आषाढात तहानलेली असते. बोट मातीत घालून पाहणे हीच बागवानाची वेधशाळा होय.

पावसात कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, तळाची भोके मोकळी करावीत. वरून खत घालू नये. ते सारे गटारात जाते. गोगलगाई रात्री निघतात, त्या हाताने वेचाव्यात. आणि वाऱ्याचे भय धरावे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या जवळून गेले, तेव्हा आणि त्यापूर्वी ५ ऑगस्ट २०२० रोजीच्या झंझावातात कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरवर गेला. अशा दिवशी कठड्यावरची कुंडी हे शोभेचे साधन उरत नाही, खालून जाणाऱ्याच्या जिवावरचे संकट होते. कठड्यावर कुंडी ठेवूच नये, असे आम्ही निक्षून सांगतो. वजनाचाही विचार करावा. एक घनफूट ओली माती सुमारे पन्नास किलो भरते. लाकडी तुळयांवरील जुन्या गॅलरीत अशा दहा कुंड्या म्हणजे सात-आठ माणसे रात्रंदिवस उभी असल्यासारखे आहे. लाल मातीत नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळावा. वजन घटते व ओल टिकते. भुसा आधी दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, कारण त्यातही मीठ असते. चौपाटीची वाळू तर चुकूनही घालू नये.

एवढे सोसल्यावर श्रावण येतो आणि सगळे विसरावयास लावतो. जाई, जुई, सोनचाफा बहरतात. पारिजातकाचा सडा पडतो. भाद्रपदात गणपतीस आपल्या कुंडीतील जास्वंद आणि दूर्वा, गौरीस आपला तेरडा. दादरच्या फूलबाजारात पैसे टाकले की काय मिळत नाही? सर्व मिळते. परंतु घरच्या झाडाची एक जास्वंदीची कळी वाहताना आजीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते पुडीत बांधून मिळत नाही. दसऱ्यास घरचा झेंडू हवा असेल तर आषाढ संपताच बी टाकावे. त्यास दोन महिने लागतात.

आश्विनात पाऊस जातो व ऊन पुन्हा तापते. धुपून गेलेल्या मातीस याच वेळी खत द्यावे. याच सुमारास पिठ्या ढेकूण जास्वंदीवर पांढरा कापूस पसरतो. प्रथम मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्याच त्याचे रक्षण करतात. मग साबणाच्या पाण्याने फांद्या धुवाव्यात. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की भाजीची पेरणी. कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन करावेत व रात्रभर भिजवावेत. रेतीत पेरून कोवळी उपटलेली मेथी आपल्याकडे समुद्रमेथी म्हणून विकतात. ती नदीच्या वाळूच्या पसरट ट्रेमध्येही दोन आठवड्यांत तयार होते. शेवंतीची एक खोड मात्र ऐका. तिला कळी धरण्यास लांब व काळोखी रात्र लागते. गॅलरीतील दिवा रात्रभर तिच्यावर जळत असेल, तर खत कितीही घाला, ती पानेच देत राहील. तिला आडोशाला न्यावे. झाडांसही झोप लागते, हे लालबाग-परळच्या गजबजाटात आपण विसरतो.

येथवर बागेची सुखदुःखे झाली. आता ज्यासाठी हा विषय मांडला ते सांगतो. गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव येथील आपल्या चाळी एकामागून एक पुनर्बांधणीस जात आहेत. त्यास आमचा विरोध नाही. ज्यांनी गळके छप्पर आणि सामायिक नळ यांत आयुष्य काढले, त्यांनी स्वतंत्र न्हाणीघराची इच्छा का धरू नये? परंतु घर रिकामे करताना आपण भांडी मोजतो, देव्हारा जपून नेतो आणि मागीलदारची झाडे तशीच सोडून जातो. पणजीने सासरी येताना आणलेला जुना मोगरा, वाडीतल्या विहिरीकाठचा अनंत, देवळामागची पांढरी जास्वंद, यांची रोपे पुष्कळदा कोणत्याही रोपवाटिकेत मिळणार नाहीत. एकदा यंत्राचा फाळ फिरला की तो वंश संपला. मोठ्या झाडांस १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा आधार आहे, परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत. कुंडीतल्या झाडास कायदा नाही. त्याचा कैवारी त्याला पाणी घालणाराच.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्या वाडीची पुनर्बांधणी ठरली असेल तेथील कुटुंबांनी निदान एक पावसाळा आधी आपल्या झाडांच्या फांद्या लावून रोपे करावीत आणि दोन-तीन घरी वाटून ठेवावीत. एका घरी मेले तर दुसऱ्या घरी जगेल. दुसरी सूचना भगिनींस. संक्रांतीच्या हळदीकुंकवास प्लास्टिकच्या डब्यांऐवजी तुळस, कोरफड, अबोली यांची रोपे वाण म्हणून लुटावीत. डोंबिवली-विरारला गेलेली लेक त्या रोपाने माहेरच्या वाडीशी बांधलेली राहील.

तिसरी सूचना मंडळास. आपल्या कार्यालयाची गच्ची वर्षभर तापत पडलेली असते. कार्याच्या दिवशी भाजीचे देठ, केळीची पाने व हारांचे निर्माल्य पिशव्या भरभरून बाहेर जाते. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ साली श्रीमती प्रीती पाटील यांनी कामगारांच्या साहाय्याने अशाच ओल्या कचऱ्यावर फळझाडे व भाज्या वाढविल्या. त्यामागे डॉ. आर. टी. दोशी यांचे उसाच्या चिपाडावरील प्रयोग आणि प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांची शिकवण होती. मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डन तरी काय आहे? पाण्याच्या टाक्यांच्या छतावर पसरलेली ती गच्चीवरची बागच होय. इमारतीची मजबुती अभियंत्याकडून तपासून, गळती रोखण्याचा बंदोबस्त करून, आपणही वीस-पंचवीस पिंपांनी आरंभ करावा. ज्यांच्या हाती वेळ आहे पण अंगण उरले नाही, अशा वृद्धांनी तेथे सकाळी यावे. ज्यांना अभ्यासातून तासाची सुटी आहे अशा मुलांनी संध्याकाळी यावे. वाडीतून उठलेल्या झाडांस नवे घर मिळेपर्यंत तेथेच ठेवता येईल. शिष्यवृत्तीनिधीप्रमाणे हाही एक निधीच आहे, फक्त याचे व्याज फुलांनी मिळते.

खारा वारा, तोकडे पाणी, हातभर जागा; ही आपली साधने. आगरवाल्या पूर्वजांस जमीन होती, पण वादळ आणि समुद्र त्यांनाही चुकला नव्हता. माड पडला की त्याच आळ्याशेजारी ते नवा माड लावीत. तेवढी रीत जरी आपण पाळली तरी वाडी हा शब्द केवळ पत्त्यापुरता उरणार नाही.