शिकाऊ उमेदवारी संपली, पुढे काय?

(वर्षावास प्रवचनमालेतील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मंडळाने मला दिलेला नाही, मीच तो मागून घेतला. मी बँकेत लिपिक आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आणि कार्यालयांत शिकाऊ म्हणून काम करणारी मुले-मुली महिन्याच्या सुरुवातीला आमच्या काउंटरवर येतात. "विद्यावेतन जमा झाले का?" असे विचारून पासबुक भरून घेतात. प्रशिक्षणाची मुदत संपली की त्यांचे येणे थांबते. खात्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर बँकेच्या नियमाप्रमाणे ते खाते निष्क्रिय ठरते. असे खाते एक अर्ज आणि ओळखीची कागदपत्रे दिली की पुन्हा सुरू होते. परंतु खात्याबरोबर खातेदारच निष्क्रिय झाला तर त्याला कोणता अर्ज चालणार? हा प्रश्न मला सतावतो, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. मुदत संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच सांगितले की, अशा उमेदवारांना घेण्याबाबत प्रत्येक आस्थापनेने आपले धोरण ठरवावे. उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या शिकाऊ उमेदवारांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतर गोष्टी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षितास प्राधान्य द्यावे. हे प्राधान्य म्हणजे नोकरीची हमी नव्हे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांस ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये दरमहा असे विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिने झाली. पण कधी ना कधी ती संपणारच होती. एक तुकडी बाहेर पडते, दुसरी आत जाते. यात अन्याय आहे आणि त्याविरुद्ध संघटितपणे बोललेच पाहिजे. परंतु न्याय मिळेपर्यंतच्या दिवसांचे काय करायचे, हे मात्र आपल्याच हाती आहे.

माझीच चूक सांगतो. २००२ साली बी. ए. झाल्यावर मी एका कार्यालयात सहा महिने प्रशिक्षणार्थी होतो. शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, "जागा निघाली की कळवू." त्या एका वाक्यावर मी आठ महिने घरी काढले. आमच्याकडे फोन नव्हता. शेजाऱ्यांचा नंबर दिला होता, म्हणून मी गल्लीबाहेरसुद्धा फारसा जात नसे. आई कामावरून यायची, काही न विचारता ताट वाढायची. तिचे ते न विचारणेच मला जास्त बोचायचे. त्याच काळात एका मित्राने बँकेच्या लिपिक भरतीचा अर्ज आणून दिला. "इकडून बोलावणे आले तर?" म्हणून मी तो भरला नाही. बोलावणे कधीच आले नाही. ती भरती मात्र निघून गेली आणि बँकेत लागायला मला पुढे चार वर्षे घालवावी लागली. साहेबांना मी दोष देत नाही. वेळ माझा होता, तो मीच दुसऱ्याच्या शब्दावर गहाण टाकला होता.

आता परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील तीन वर्षे पाहा. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून मुंबईला परतावे लागले. पुस्तकांचे सामान ज्या जहाजावर होते ते बुडाले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीसाठी गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. काही दिवसांतच त्यांना परतावे लागले. परदेशी विद्यापीठात शिकलेला माणूस, पण हाती नोकरी नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकपद मिळेपर्यंत जवळजवळ एक वर्ष असे गेले.

त्या वर्षात ते थांबून राहिले नाहीत. त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तो जात कळताच बंद पडला. तरीही १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला, बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले. १९१९ च्या जानेवारीत साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. आणि मूळ उद्दिष्ट? ते क्षणभरही विसरले नाहीत. लंडनला परत येण्यासाठी त्यांना चार वर्षांची सवलत होती. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा निघाले. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, "ते महामानव, आपण सामान्य माणसे." मान्य. त्यांची बुद्धी आपल्याला मिळणार नाही. पण त्यांची दिवस वापरण्याची रीत तर घेता येईल? अर्धे राहिलेले काम सोडायचे नाही, मिळेल ते प्रामाणिक काम कमी लेखायचे नाही आणि समाजासाठी थोडा वेळ त्यातूनच काढायचा, अशी ती रीत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, याच रीतीने तीन गोष्टी करा. पहिली, कमावलेले पदरात पाडून घ्या. शेवटच्या दिवशी हात हलवत बाहेर पडू नका. प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, केलेल्या कामाचा तपशील लेखी मागा. आयटीआयच्या मुलांनी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र घ्यावे. ते टाळून अनेकजण वर्षभराची मेहनत वाया घालवतात.

दुसरी, एकच नवी गोष्ट धरा. संधी म्हणून दहा दारे ठोठावू नका आणि कर्ज काढून कोणत्याही क्लासची फी भरू नका. बँकेच्या लिपिक परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. वयोमर्यादा २८, अनुसूचित जातीसाठी ती पाच वर्षांनी शिथिल आहे. पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे ज्ञानाइतकाच सराव महत्त्वाचा. सरावाला फी लागत नाही, बैठक लागते. पुण्याची बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या उमेदवारांना अशा परीक्षांचे विनामूल्य प्रशिक्षण देते, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांचे स्मारक आहे, तेथे ग्रंथालय आहे. आपण तेथे फोटो काढायला जातो, वाचायलाही जाऊ या. ज्यांचा हात यंत्रावर चालतो त्यांनी आपल्याच व्यवसायातले पुढचे कौशल्य धरावे. न्हावा-शेव्याचे बंदर जवळ आहे, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कामे वाढतील, पण ती तयार हातांनाच मिळतील.

तिसरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात या आणि दहावीच्या मुलांना गणित-इंग्रजी शिकवा. शिकवणारा स्वतः दुप्पट शिकतो. शिवाय "मी रिकामा आहे" ही मनातली बोच त्याने निघून जाते.

आता दोन शब्द आम्हा मोठ्यांसाठी. घरी बसलेल्या मुलाला जाता-येता "काय रे, लागला का कुठे?" असे विचारणे बंद करू. त्याऐवजी "काय वाचतोस?" असे विचारू. आपला विहार वंदनेची वेळ सोडली तर दिवसभर कुलूपबंद असतो. तेथे चार टेबले, एक दिवा आणि एक वर्तमानपत्र ठेवले तर अभ्यासिका होते. आपल्यात बँक, रेल्वे, महानगरपालिका, पोलीस, शाळा अशा ठिकाणी नोकरी करणारे आहेत. प्रत्येकाने रविवारचा एक तास द्यावा. माझा तास मी आजच लिहून देतो, सकाळी दहा ते अकरा.

शेवटी, आपण वर्षावासात बसलो आहोत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंची चारिका थांबते, पण अध्ययन, ध्यान आणि उपदेश थांबत नाही. पाय थांबले म्हणजे काम थांबले, असे तथागतांनी मानले नाही. पावसाळा संपताच भिक्खू पुन्हा वाटेला लागतो, अधिक तयार होऊन. तथागतांनी ज्याला अप्रमाद म्हटले तो हाच. प्रशिक्षण आणि नोकरी यांमधला काळ हा तरुणांचा वर्षावास आहे, असे मी मानतो. तो किती महिन्यांचा असेल हे आपल्या हाती नाही. त्यातून आपण कसे बाहेर पडू, हे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!