जलसंजीवनी

मृगाचा पाऊस पडून विहिरींचे पाणी गढूळले, की घरोघरी मुलांना जुलाब होऊ लागतात. अशा वेळी वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो : ‘आता त्याला पाणी देऊ नका, पोटात जाईल तितके बाहेर पडेल.’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो खरा. परंतु कित्येकदा मुलाच्या जिवास जुलाबांपेक्षा त्याचाच धोका अधिक. जुलाबावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. ते भरून निघाले नाहीत, तर रक्ताभिसरण मंदावते आणि अशक्त बालक काही तासांत हातचे जाते.

नुसत्या पाण्याने मात्र हे काम भागत नाही. लहान आतड्यात ग्लुकोज व मिठातील सोडियम ही जोडीने शोषली जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. पटकीसारख्या भयंकर रोगातही आतड्याचा हा दरवाजा उघडाच राहतो. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने कहर मांडला. शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेनासे झाले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करविले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवरच सोपविले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यूंचे प्रमाण चारच्याही खाली आले.

सुधारलेल्या प्रमाणात तीच जलसंजीवनी आज पुडीतून मिळते. पुडी एक लिटरची असेल, तर ती सबंध पुडी उकळून गार केलेल्या सबंध लिटरभर पाण्यात मिसळावी. थोडी भुकटी पेल्यात ढकलून ढवळू नये. पुडी जवळ नसल्यास लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ चिमटीने मोजू नये. आजीची चिमूट निराळी, सुनेची निराळी. पाणी अश्रूंहून खारट लागले, तर ते ओतून द्यावे व नवे करावे. चोवीस तासांनी उरलेलेही टाकावे. दुकानातील गोड पेये हा याचा पर्याय नव्हे. अति साखरेने जुलाब वाढतात.

दोन वर्षांखालील मुलास दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. मूल ओकले, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये; पेज, मऊ भात चालू ठेवावा. डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या दिल्या असतील, तर जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

‘पाणी पाजले, तरी जुलाब थांबले नाहीत,’ अशी तक्रार पुष्कळ माता करतात. पण जुलाब थांबविणे हे या पाण्याचे कामच नव्हे. ते आपोआप थांबेपर्यंत मुलास तगविणे, एवढेच त्याचे काम.

डोळे खोल गेले, तान्ह्याची टाळू बसली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होऊ लागली, लघवी बंद झाली, शौचावाटे रक्त पडले, किंवा मूल पेंगू लागून पिईनासे झाले, तर घरी वेळ न दवडता दवाखाना गाठावा. मूल शुद्धीवर असून पीत असेल, तर वाटेतही वाटी-चमचा हातचा सोडू नये.