गंजावर रंग: मोजक्या पैशांत कुठला डबा घ्यायचा?

आजच्या भागात कोड नाही, करिअर नाही. आज गंज. हसू नका! ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहत असाल तर खाली उतरून एकदा मान वर करून आपल्या बिल्डिंगकडे बघा. खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचं रेलिंग, गच्चीवरची पत्र्याची शेड, टाकीचा लोखंडी स्टँड आणि टाकीवर चढायची शिडी. भिंती रंगवताना या सगळ्याला जाता जाता एक हात मारतात आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्यातून लाल ओघळ भिंतीवर उतरलेले असतात.

तर प्रश्न असा की पैसे मोजकेच असतील तर ते कुठल्या डब्यात घालायचे? माझं उत्तर आधीच सांगतो. पहिले पैसे डब्यात घालूच नका, खरवडण्यात घाला. आणि त्याच्याही आधी, रंगवायला लोखंड शिल्लक आहे का ते बघा.

गंजाला लागतं काय? लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की त्याचा वेग वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या खाली फारशी येतच नाही. ठाण्याला खाडी आहे, डोंबिवली-कल्याणला उल्हास नदीची खाडी आहे, म्हणजे खारी हवा आलीच. एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना तर काही सांगायलाच नको. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, आठवतंय ना? ज्या हवेत हे होतं, त्याच हवेत तुमची ग्रिल चोवीस तास उभी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा घेतो. त्यामुळे सुट्या गंजावर कितीही भारी रंग मारा, आत गंज वाढत राहतो आणि रंगाला खालून ढकलतो. फोड येतात, पापुद्रे सुटतात. यूआय बदलून बॅकएंडचा बग जात नाही, तसंच हे.

आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी सगळ्यात लहान. त्यामुळे तीन कोटेशन वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एकात रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. दुसऱ्यात एपॉक्सी आणि वर पीयू. तिसऱ्यात झिंक रिच प्राइमर, आकडा बघून सेक्रेटरी काकांनी चष्मा काढून पुसला. तिन्हींत रंगाचा ब्रँड होता, शेड होती, जीएसटी होता. आधी लोखंड साफ कसं करणार, याबद्दल तिन्हींत मिळून एक ओळ नव्हती.

साफसफाईलाही मोजमाप असतं. आयएसओ ८५०१ नावाचं मानक आहे. त्यात हाताने किंवा मशीनने खरवडण्याच्या दोन पायऱ्या आहेत, एसटी २ आणि एसटी ३. वाळूसारखे कण जोरात मारून, म्हणजे ब्लास्टिंग करून, साफ करण्याच्या पायऱ्या वेगळ्या, त्यातली नेहमी मागतात ती एसए अडीच. राहत्या बिल्डिंगमध्ये ब्लास्टिंग कोण करणार? सगळी धूळ शेजाऱ्यांच्या घरात. म्हणजे आपल्या वाट्याला तारेचा ब्रश, पत्ती, पॉलिश पेपर आणि ग्राइंडरवर लावायचा वायर कप. इथेच तिसरं कोटेशन बाद होतं. झिंक रिच प्राइमरमधलं जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, पण त्यासाठी जस्ताचे कण उघड्या धातूला थेट टेकावे लागतात. हाताने खरवडलेल्या, गंजाचे डाग राहिलेल्या लोखंडावर तो मारणं म्हणजे पैसे वाया.

मग उरतात दोन रस्ते. स्वस्तातला रस्ता जुनाच: प्राइमर आणि वर ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. गंमत म्हणजे रेड ऑक्साइडमधलं लाल रंगद्रव्य हे लोह ऑक्साइडच, गंजाचाच भाऊ म्हणा. तो मुख्यतः आडोसा देतो. थोडे जास्त पैसे देता आले तर झिंक फॉस्फेट प्राइमर घ्या, तो गंजाला रासायनिकरीत्याही अडवतो. पिवळा झिंक क्रोमेट कुणी सुचवला तर नको म्हणा. त्यातलं क्रोमेट कॅन्सरकारक आहे, आणि पुढच्या वेळी तोच रंग खरवडताना त्याची धूळ कुणाच्या तरी नाकात जाणार. आणि नुसता प्राइमर मारून पावसात सोडू नका, तो पाणी आत घेतो.

दुसरा रस्ता सरफेस टॉलरंट एपॉक्सीचा, ज्याला एपॉक्सी मॅस्टिक म्हणतात. हा हाताने साफ केलेल्या लोखंडासाठीच बनवलेला असतो आणि एका हातात जाड बसतो. दोन डबे मिसळून वापरायचा. मिसळला की काही तासांत संपवायचा, नाहीतर डब्यातच दगड. उन्हात एपॉक्सी खडूसारखा पांढरट पडतो, म्हणून गच्चीवर त्याच्यावर पीयूचा हात लागतो. पीयू ब्रशनेच मारा, स्प्रे नको, आणि मारणाऱ्याला योग्य मास्क द्या. एक धोका लक्षात ठेवा: जुन्या ऑइल पेंटवर एपॉक्सी मारला तर त्यातल्या थिनरने खालचा रंग सुरकुततो. आधी हातभर जागेवर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

आता हिशेब, माझा आवडता भाग. डब्यावरचा लिटरचा भाव बघू नका. कंपनीच्या डेटाशीटमध्ये घन भागाची टक्केवारी असते. घन भाग ४० टक्के असेल तर एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर पसरल्यावर वाळून ४० मायक्रॉनचा थर उरतो. मॅस्टिकमध्ये ८० टक्के असेल तर तेवढ्याच जागेवर ८०. म्हणजे दुप्पट भावाचा डबा थराच्या हिशेबाने तितकाच पडला. शिवाय खर्चाचा मोठा वाटा मजुरी आणि परांचीचा असतो. ती डब्याचा ब्रँड बघून कमी होत नाही.

काकांचं म्हणणं वेगळंच होतं. "अरे, रिडेव्हलपमेंट येणारच आहे, कशाला घालायचे पैसे?" मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. बिल्डिंग दोन वर्षांत पडणार असेल तर शेडला दहा वर्षांचा रंग हा खरंच वेडेपणा. तिथे खरवडा, प्राइमर, ऑइल पेंट, संपलं. फक्त "येणारच आहे" हे आमच्याकडे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

ज्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे तिथे मात्र हा हिशेब लागू होत नाही. टाकी साफ करायला येणारा मुलगा त्या शिडीवरून चढतो. कुठल्याही रंगाने झिजलेल्या लोखंडाची ताकद परत येत नाही. कल्याणचा १९१४ सालचा जुना पत्रीपूल धोकादायक ठरला, तेव्हा २०१८ मध्ये तो पाडावाच लागला. नवीन पूल सुरू व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. आपल्या गच्चीवर तपासणी सोपी आहे. हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर बरं, भद्द आला किंवा पापुद्रे पडले तर थांबा. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. स्टँडचे पाय कोब्यात जिथे शिरतात तिथे पाणी साचतं, तिथे आधी बघा. काही रंगारी भोकात लांबी भरून वरून रंग मारतात. दिसायला झकास, पण हे लपवणं आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी साध्या पाण्याने धुवा, मीठ जायला हवं. वाळू द्या. मग खरवडा. जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून पॉलिश पेपर मारा. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत काय असेल कोण जाणे. लहान मुलांना लांब ठेवा. खड्ड्यांत घट्ट बसलेल्या पातळ गंजावर रस्ट कन्व्हर्टर चालतो, जाड पापुद्र्यावर नाही. मग कडा, वेल्डिंगचे जोड आणि बोल्ट यांना ब्रशने एक वेगळा हात, कारण कडेवरून रंग ओढला जाऊन पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्यानंतर पूर्ण हात. जळकं ऑइल फासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याच्यावर पुढे कुठलाच रंग धरत नाही. जीआय पाइपवरही थेट ऑइल पेंट नको, जस्ताशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन तो सोलतो.

वेळ दिवाळीनंतरची ते मेपर्यंतची. हिवाळ्यात सकाळी लोखंडावर दव असतं, दहानंतर सुरू करा. पत्रा तापून चटके बसत असतील तेव्हाही नको.

शेवटी आम्ही काय केलं? शेडला स्वस्तातला रस्ता, टाकीच्या स्टँडला मॅस्टिक आणि पीयू. कोटेशनमध्ये "एसटी ३ साफसफाई, प्राइमरआधी कमिटीला दाखवणे" अशी ओळ घालून घेतली. रंगाऱ्याने भाव थोडा वाढवला, आम्ही दिला. शिडी त्याच्या यादीतून काढून फॅब्रिकेशनवाल्याकडे दिली. त्याने खालचे दोन पाय आणि तीन पायऱ्या कापून नवीन लावल्या. कापलेली एक पायरी काकांनी हातात घेऊन वाकवली, ती बिस्किटासारखी मोडली. शिडीच्या खर्चावर मग कुणी काही बोललं नाही.