सोनोग्राफी नॉर्मल आली, पण कातडीचं काय?

हिंजवडीतून, म्हणजे आपल्या मुळशी तालुक्यातूनच बोलतोय. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. तरी आजचा विषय महत्त्वाचा आहे.

जून २०१६ मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात एक बाळ जन्मलं. कातडी जाड, कडक आणि त्यात खोल भेगा. दोन दिवसांत ते गेलं. आजाराचं नाव हार्लेक्विन इक्थिओसिस.

हा शाप नाही, ग्रहणही नाही. एबीसीए१२ नावाच्या जनुकातला बिघाड आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन कॉप्या असतात. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतं. म्हणून आईबाबा ठणठणीत असतात. दोघांचीही बिघडलेली कॉपी बाळाकडे आली की आजार होतो. अशा जोडप्याला ही शक्यता प्रत्येक खेपेला ४ पैकी १. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल, तर दोघांकडे एकच बिघडलेली कॉपी असण्याची शक्यता वाढते.

आता सोनोग्राफी. उघडं राहिलेलं तोंड, बाहेर वळलेले ओठ, चपटं नाक, आवळलेल्या मुठी, अशा खुणा त्यात दिसू शकतात. पण बऱ्याचदा त्या पाचव्या महिन्यानंतर, कधी तर सातव्या-आठव्या महिन्यात दिसतात. कायद्याने गर्भपाताची मर्यादा साधारण २४ आठवडे. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं.

आमच्या मावसवहिनीचं पहिलं बाळ असंच गेलं. आता तिला बारावा आठवडा चालू आहे. घरचे म्हणतात, "सोनोग्राफी नॉर्मल आहे ना, मग जुनं कशाला उकरायचं?" अहो, जुनं सांगितलं तरच पुढचा रस्ता सापडतो! आधी दोघांच्या रक्तातून जनुकाची तपासणी होते. नेमका बिघाड कळला, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा साधारण सोळाव्या आठवड्यापासून गर्भजल काढून बाळाचं तपासता येतं. रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून घाई.

आणि उत्तर काहीही येवो, बाळ ठेवायचं ठरलं तरी प्रसूती नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात ठरवता येते. चांगल्या उपचारांनी यातली काही मुलं आज मोठी झालीत.

तर मंडळी, घरात असं बाळ गेलं असेल, तर त्याची फाईल, फोटो जपून ठेवा. पुढचं मूल ठरवण्याआधीच जेनेटिक्सच्या डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!