वकिली व्यवसाय आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठीत सर्वतोमुखी आहे. परंतु संसारात असे प्रसंग येतात की, शहाण्यालाही ती पायरी चढल्यावाचून गत्यंतर नसते. अपघातात घरातला कर्ता माणूस दगावतो, घरमालक जागा रिकामी करण्याची नोटीस बजावतो, भावाभावांतील वाटणी अडून बसते. अशा वेळी माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कायद्याचा नसतो. वकील कोणता गाठावा आणि त्याची फी किती होईल, हा तो प्रश्न असतो. ज्याच्या ओळखीत वकील आहे त्याला उत्तर सापडते. ज्याच्या ओळखीत नाही, तो चार लोकांना विचारीत हिंडतो आणि पुष्कळदा न्यायालयाच्या आवारात घुटमळणाऱ्या दलालाच्या हाती पडतो. वकिलाने जाहिरात करावी की नाही, या वादाकडे सामान्यतः व्यवसायाच्या शिष्टाचाराचा वाद म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो या वाट शोधणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. प्रस्तुत व्याख्यानात त्याचा विचार दूरचित्रवाणीच्या संदर्भात करावयाचा आहे. आणि हा प्रयोग ज्या देशात दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणावर झाला, त्या अमेरिकेपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत वकिलाने वृत्तपत्रात आपल्या नावाचे छोटेसे निवेदन देणे गैर मानले जात नसे. अब्राहम लिंकन यांनीही वकिली करीत असताना अशी निवेदने दिली होती. पुढे 1908 साली अमेरिकन बार असोसिएशनने व्यवसायनीतीची सूत्रे तयार केली आणि जाहिरात निषिद्ध ठरविली. या निषेधामागील कारणे अगदीच पोकळ नव्हती. वकील हा न्यायदानाच्या कार्यातील एक सहायक आहे, त्याने दुकानदाराप्रमाणे गिऱ्हाइकाला हाका मारू नयेत. जाहिरातीने निष्कारण कज्जेदलाली वाढेल. शिवाय कायद्याची सेवा ही साबणाच्या वडीप्रमाणे एकसारखी नसते, तेव्हा तिची किंमत आगाऊ सांगणे म्हणजे अशिलाची फसवणूक होय, असे हे युक्तिवाद होते. सुमारे सात दशके त्यांना कोणी परिणामकारक आव्हान दिले नाही.

ते आव्हान अॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात दिले गेले. जॉन बेट्स आणि व्हॅन ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी 1974 साली मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी एक विधिसेवा केंद्र उघडले. ठरावीक पद्धतीची साधी कामे पुष्कळ घ्यावीत आणि प्रत्येक कामामागे फी थोडी ठेवावी, असा त्यांचा हिशेब होता. परंतु थोड्या फीवर चालणाऱ्या केंद्राला पुष्कळ अशील लागतात, आणि केंद्र अस्तित्वात आहे हे कोणाला ठाऊकच नसेल तर अशील येणार कोठून? अखेर 22 फेब्रुवारी 1976 रोजी त्यांनी स्थानिक दैनिकात जाहिरात दिली. तीत बिनविरोध घटस्फोटासाठी 175 डॉलर व न्यायालयाचे शुल्क 20 डॉलर, नाव बदलण्यासाठी 95 डॉलर व शुल्क 20 डॉलर, असे दर छापले होते. राज्याच्या वकील संघटनेने त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली.

हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 27 जून 1977 रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने वकिलांच्या बाजूने कौल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचे होते. सरसकट बंदीमुळे व्यवसायाची प्रतिष्ठा राखली जाते असे मानले तरी गरजू नागरिक अज्ञानात राहतो, आणि नागरिकाला अज्ञानात ठेवून त्याचे हित साधता येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. मतभेद नोंदविणारे न्यायमूर्ती पॉवेल यांची शंकाही विचारात घेण्याजोगी होती. एखादे प्रकरण साधे आहे की गुंतागुंतीचे, हे वकिलाने ते तपासल्यावरच कळते. मग साध्या प्रकरणाचा दर आधी जाहीर करण्यात अर्थ कोणता, असे त्यांचे म्हणणे होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. बहुमताने जी मोकळीक दिली ती छापील जाहिरातीच्या संदर्भात होती. खोट्या व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्याचा राज्यांचा अधिकार न्यायालयाने अबाधित ठेवला, आणि आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांच्या विशेष समस्यांचा वेगळा विचार करावा लागेल असेही सूचित केले.

परंतु व्यवसाय तेवढा काळ थांबणारा नव्हता. लॉस एंजेलिस येथील जेकोबी अँड मेयर्स या पेढीने 1977 सालीच दूरचित्रवाणीवर जाहिरात सुरू केली, आणि पुढील दशकात ही प्रथा देशभर पसरली. यानंतर जे घडले ते समजून घेण्यासाठी या माध्यमाचे गणित पाहणे आवश्यक आहे. वृत्तपत्रातील दरपत्रक वाचक हवे तेवढा वेळ वाचू शकतो, कापून ठेवू शकतो, दुसऱ्या दरपत्रकाशी ताडून पाहू शकतो. दूरचित्रवाणीवरील जाहिरात बहुधा अर्ध्या मिनिटात संपते. तेवढ्या वेळात अटी सांगून होत नाहीत. एक चेहरा, एक घोषवाक्य आणि एक दूरध्वनी क्रमांक एवढेच प्रेक्षकाच्या स्मरणात राहते. आणि ते राहावे म्हणून तीच जाहिरात पुनःपुन्हा दाखवावी लागते. साहजिकच खर्च वाढतो. बिनविरोध घटस्फोटाच्या अल्प फीतून तो भरून निघणे कठीण असते.

तो भरून निघतो तो अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांतून. अमेरिकेत अशा दाव्यांमध्ये वकील निकालसापेक्ष फी घेऊ शकतो; दावा जिंकल्यास मिळालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा, पुष्कळदा एकतृतीयांश, त्याचा असतो, आणि दावा हरल्यास त्याला फी मिळत नाही. एखाद्या मोठ्या दाव्याची फी अनेक महिन्यांच्या जाहिरातींचा खर्च भागवू शकते. म्हणूनच तेथील पडद्यावर अपघाताचे वकील एवढ्या संख्येने दिसतात. यातील विसंगती लक्षणीय आहे. जाहिरातीचे द्वार उघडले गेले ते दर कळावेत म्हणून. पण ज्या कामाची जाहिरात या माध्यमाला परवडते, त्यात जाहीर करण्याजोगा दरच नसतो. जिंकल्याशिवाय फी नाही, हे एकच वाक्य दराच्या जागी येऊन बसते.

ते वाक्यही नेहमीच पूर्ण सत्य असते असे नाही. ओहायो राज्यातील एका वकिलाने वृत्तपत्रातील जाहिरातीत, रक्कम वसूल न झाल्यास अशिलाला वकिलाची फी द्यावी लागणार नाही, असे म्हटले होते. परंतु न्यायालयाचा व पुराव्याचा खर्च हरलेल्या अशिलावर पडू शकतो, हे त्यात सांगितले नव्हते. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या जाहिरातीचा व तीतील चित्राचा हक्क मान्य केला. तथापि फी आणि खर्च यांतील भेद उघड केला नाही म्हणून त्याला दिलेला ठपका कायम ठेवला. कायद्याशी परिचय असलेल्या माणसाला फी आणि खर्च हे दोन वेगळे शब्द आहेत. पाय मोडून रुग्णालयात पडलेल्या माणसाला ते एकच वाटतात.

दूरचित्रवाणीला वेसण घालण्याचे प्रयत्न राज्याराज्यांत झाले. आयोवा राज्याच्या नियमानुसार जाहिरातीत एकाच माणसाचा, तोही वकिलाव्यतिरिक्त अन्य कोणाचा, नाट्यमय नसलेला आवाज असावा आणि पार्श्वभूमीला कोणताही ध्वनी नसावा, असे बंधन होते; 1985 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. 2005 साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन वकिलांना जाहीर ठपका दिला, कारण त्यांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत काटेरी पट्टा घातलेल्या पिट बुल जातीच्या कुत्र्याचे चित्र होते. आपण अशिलासाठी कुत्र्यासारखे तुटून पडू, ही सूचना वकिलीच्या गुणवत्तेविषयी काहीही सांगत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. याउलट न्यूयॉर्क राज्यातील एका पेढीच्या जाहिरातींत वकील इमारतींहून उंच झालेले आणि परग्रहावरील प्राण्यांना सल्ला देताना दाखविले होते. अशा क्लृप्त्यांवरील बंदी संघराज्याच्या अपील न्यायालयाने 2010 साली रद्द केली, कारण असली अतिशयोक्ती कोणी खरी मानणार नाही. एकंदरीत पाहता ओंगळपणा आणि फसवणूक यांतील सीमारेषा आखणे न्यायालयांनाही सोपे गेलेले नाही.

भारतातील स्थिती याहून सर्वस्वी भिन्न आहे. 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांपैकी छत्तिसावा नियम वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास मनाई करतो. परिपत्रके, दलाल, वृत्तपत्रांना पुरविलेली छायाचित्रे हे सारे मार्ग त्यात येतात. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी लागते. या कठोरपणाला एक पार्श्वभूमी आहे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दाराशी उभे राहून, येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालणाऱ्या आणि कामासाठी परस्परांशी झोंबाझोंबी करणाऱ्या वकिलांचे एक प्रकरण महाराष्ट्र बार कौन्सिलपुढे आले होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले असता, 1975 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, वकिली हा व्यापार नाही, अशी ग्वाही तीव्र शब्दांत दिली. 2008 साली नियमात दुरुस्ती होऊन वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शैक्षणिक अर्हता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा मिळाली. 2025 च्या मार्चमध्ये, नटनट्यांना घेऊन बनविलेल्या चित्रफितींद्वारे वकिलीची प्रसिद्धी करण्याच्या प्रकारांचा बार कौन्सिलने निषेध केला.

आणखी एक नियम येथे महत्त्वाचा आहे. निकालावर अवलंबून असणारी फी ठरविण्यास भारतीय वकिलाला मनाई आहे. अमेरिकेतील जाहिरातींचे अर्थकारण ज्या पायावर उभे आहे, तो पायाच येथे नाही. त्यामुळे उद्या बंदी उठली तर अमेरिकेचेच चित्र येथे उमटेल, ही भीती जशी घाईची, तशीच जाहिरातीने फी आपोआप उतरेल ही आशाही घाईची म्हणावी लागेल. परंतु बंदी आहे म्हणून सर्व सुरळीत आहे, असेही मानता येत नाही. मोठ्या कंपन्यांना वकील शोधण्यासाठी जाहिरातीची गरज नसते. दलालालाही नियमाची अडचण होत नाही, कारण तो लेखी काहीच ठेवीत नाही. बंदीचा भार पडतो तो तालुक्याच्या न्यायालयात नव्याने आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या वकिलावर आणि तशाच एकाकी पक्षकारावर.

या अनुभवातून काही कसोट्या निघतात. जाहिरात छापील असो, दूरचित्रवाणीवरील असो वा अलीकडच्या काळातील दीर्घ चित्रफीत असो, तिने पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. जबाबदार वकील कोण? तो कोणत्या प्रकारचे काम करतो? फी किती, किंवा ती कशी ठरते? फीखेरीज खर्च कोणता आणि तो कोणी सोसावयाचा? आलेले काम तो स्वतः चालविणार, की दुसऱ्याकडे सोपविणार? पडद्यावरचा अशील नट असेल तर तसे सांगावे. जी जाहिरात यांपैकी काहीच सांगत नाही, ती पाहिल्याने प्रेक्षकाच्या ज्ञानात भर पडत नाही; त्याच्या हाती केवळ एक क्रमांक पडतो.

एक जाहिरात मात्र अशी आहे की, जिला भारतातील कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, अपंग आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर उत्पन्नाची अटही नाही. या हक्काचा प्रसार करणे हे त्याच कायद्याने प्राधिकरणांवर सोपविलेले कर्तव्य आहे, आणि 15100 या क्रमांकावर दूरध्वनीवरून चौकशीही करता येते. अर्ध्या मिनिटात एवढे निश्चित सांगून होते. वकिलांनी जाहिरात करावी की नाही याचा निर्णय लागावयाचा तेव्हा लागो; न्यायालयाच्या आवारात दलाल आपल्याकडे येण्यापूर्वीच ही माहिती पक्षकाराच्या घरी पोहोचविण्यासाठी त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.