छोट्या इंजिनाची टकटक

छोट्या आगगाडीचं इंजिन टकटक वाजू लागलं, अडखळू लागलं की घरात ठरून जातं, मोटर जळली. मग ते खोक्यात घालून माळ्यावर टाकतात. पण मोटर घुंघुं फिरतेय आणि चाकं जागची हलत नाहीत, तर मोटर जिवंत आहे. बिघाड खाली, गिअरमध्ये आहे आणि तो घरी दुरुस्त होतो.

आज मी एचओ मापाच्या, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाविषयी बोलतो. पुण्यात कोथरूडचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलेल्यांच्या डोळ्यांपुढे हे माप चटकन येईल. या इंजिनात मोटरच्या दांड्याला आटे असलेला वर्म जोडलेला असतो. तो गिअर फिरवतो आणि शेवटचा गिअर चाकांच्या आसावर घट्ट बसवलेला असतो. तडा जातो तो बहुतेक वेळा याच शेवटच्या गिअरला. आस गिअरच्या भोकापेक्षा केसभर जाड असतो, म्हणून प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ताणलेलं राहतं आणि एक दिवस दोन दातांच्या मधे चिरतं. गाडी न चालवताही हे होतं.

ओळखायचं कसं? इंजिन अगदी हळू चालवा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच टक् आवाज आला, म्हणजे रुळावर साधारण पावणेचार सेंटिमीटरला एक, तर चिरलेला गिअर जवळपास नक्की. खात्रीसाठी बोगी, म्हणजे चाकं आणि गिअर असलेला खालचा सांगाडा, सोडवून मोटर एकटी चालवून पाहा. ती गुळगुळीत फिरली की तिला हात लावू नका. विशेषतः जुन्या उघड्या मोटरीतला फिरता भाग बाहेर काढू नका, चुंबकाची ताकद उतरते.

चिरलेला गिअर चिकटवू नका, हे मी कळकळीनं सांगतो. हे प्लॅस्टिक गोंद धरत नाही. धरला तरी आतला ताण तसाच राहतो, भेग पुन्हा उघडते. नवा गिअरच घाला. कंपनीचा मिळाला तर उत्तम. नाहीतर दात मोजा, बाहेरचा व्यास मोजा आणि व्यासाला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागा. बारा दात आणि ५.६ मिलिमीटर व्यास असेल तर उत्तर ०.४. याला मॉड्यूल म्हणतात. दुकानातल्या पाकिटांत बहुधा ०.५ चे गिअर असतात, ते इथे जुळत नाहीत. आणि माप घ्यायचं ते त्याच इंजिनातल्या धड गिअरचं, कारण चिरलेला गिअर फाकलेला असतो.

नवा गिअर आसावर हातोडीनं ठोकू नका. लहान शेगड्यात धरून, सरळ ठेवून, हळूहळू दाबा. फार घट्ट जात असेल तर भोक किंचित मोठं करा, नाहीतर पुन्हा तेच होईल. दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. ते चुकलं तर गाडी सांध्यावर रूळ सोडते.

चाकांवर रबरी पट्टी असेल आणि ती कडक झाली असेल तर त्याच मापाची नवी घाला. वंगणात हात आखडता ठेवा. गिअरला प्लॅस्टिकला चालणारं थोडं ग्रीस आणि दांड्याच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल इतकंच तेल. जास्तीचं तेल मोटरीत शिरून ब्रश खराब करतं. बसवून झालं की दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास हळू चालवा.

घरात मुलं असतील तर त्यांना आजच सांगा, की इंजिन रुळावर हातानं ढकलायचं नाही. वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही, मग दात तुटू शकतात. उचलून ठेवायचं.